मुलीची ओळ

साधनाने पेढ्यांचा पुडा टेबलाच्या कडेला सरकवला आणि संजनाच्या प्रबंधातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ हवी त्याहून जोरात ओढली गेली आणि टोक मोडलं.

वाक्य होतं: 'यावरून सिद्ध होते की अखेरच्या आजारात रुग्णाला सर्वांत जवळची वाटते ती सून.'

"हे कशावरून?" तिने विचारलं.

"काय-स्क्वेअर सिग्निफिकंट आलाय ना, मॅडम," संजना म्हणाली. "पी पॉइंट झिरो वनच्याही खाली आहे."

पेढे त्याचेच होते. नर्सिंग कॉलेजातल्या एम.एस्सी.च्या मुलींनी ही प्रथा स्वतःच पाडली होती. फरक नुसता योगायोग नाही म्हणून संगणकाने निकालापुढे तारा छापला की स्टाफरूममध्ये पेढे यायचे. तारा आला नाही तर बाकीच्या मुली, वर्ष वाया गेल्यासारखं त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. साधना तिथे संख्याशास्त्र शिकवायची. दरवर्षी ती या प्रथेवर बोलायची आणि बोलून झालं की पेढा खायची. आज तिने पुडा उघडला नव्हता, आणि संजनानेही आग्रह केला नाही. मॅडमची आई दिवाळीच्या तोंडावर गेली, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

संजनाचा विषय साधा होता. ज्यांच्यावरचे उपचार संपले आहेत आणि आता फक्त वेदना कमी करायच्या आहेत, अशा दोनशे रुग्णांना तिने सकाळच्या फेरीत एकच प्रश्न विचारला होता: आज किती दुखतंय? उत्तरं तीन होती, नाही, थोडं आणि खूप. त्या वेळी खाटेजवळ कोण होतं याचीही तिने नोंद घेतली होती. जोडीदार, मुलगा, मुलगी, सून, प्रत्येकी पन्नास. चार ओळी, तीन रकाने, बारा चौकटी.

"सुनांची ओळ बघा ना," संजना पुढे वाकली. "'खूप दुखतंय' म्हणणारे बावीस. कुणाच्या असण्यानं काही फरक पडत नसता, तर पंधराच यायला हवे होते. म्हणजे सुनेला खरं सांगतात. वॉर्डात पण सगळ्या सिस्टर हेच म्हणतात, मॅडम. सून ती सून."

साधनाने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आलं तरी ती फिरवत राहिली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी भावाच्या घरी, मखमलाबादला, बायका भेटायला आल्या होत्या. तेव्हा दीपमालाने, साधनाच्या भावजयीने, कुणीतरी विचारलं म्हणून सांगितलं की आईंना झोप अशी नव्हतीच. कळ आली की माझं मनगट धरायच्या, सुटेस्तोवर सोडायच्या नाहीत. शेजारच्या चिमणाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, सुनेनं केलं हो सगळं, लेकी काय, येऊन जाऊन. साधना तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आपल्या आईला इतकं दुखत होतं, हे तिला शेजारणींच्या बरोबरीने कळलं. तिने ट्रे सगळ्यांपुढे फिरवला. चिमणाबाईंपुढे तो जरा जास्त वेळ धरला.

त्यानंतर दीपमालाशी तिचं धड बोलणं झालं नव्हतं. फोन केला तर ती ज्ञानेशला, भावाला, करायची. दीपमालाने उचलला तर म्हणायची, तो आहे का.

"काय-स्क्वेअर हा सगळ्या कोष्टकाचा मिळून एकच आकडा असतो," ती संजनाला म्हणाली. "तो काय सांगतो? मळ्यात कुत्रं भुंकतंय, एवढंच. कुणाच्या बांधावर भुंकतंय, ते उठून बघावं लागतं."

"बघितलं ना. रेसिड्युअल काढलेत." संजनाने शेवटचं पान उलटलं. प्रत्येक चौकट अपेक्षेपेक्षा किती हलली आहे, ते एका मापात आणून तिथे मांडलेलं होतं. "सून, खूप. दोन पॉइंट चार नऊ. दोनच्या वर गेलं की धरायचं, तुम्हीच शिकवलंय."

"एकच चौकट बघायची असेल तर दोन. तू बारा बघितल्यास. बारा वेळा जाळं टाकलं तर एखादा मासा नुसत्या नशिबानंही लागतो. मग जाळं टाकणाऱ्यानं काय करायचं?"

"पट्टी वर न्यायची."

"किती?"

संजनाने फोनवर आकडेमोड केली. "दोन पॉइंट आठ सात. जवळजवळ."

"मग छाट."

हे साधनाने कुठल्याही मुलीला सांगितलं असतं. ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या कुणाला सांगताना तिचा आवाज इतका मऊ झाला नसता. संजना एकेक चौकट वाचत गेली. जोडीदारांच्या आणि मुलांच्या ओळी तर मुळातच हलल्या नव्हत्या. सून, नाही, उणे दोन पॉइंट चार पाच. साधनाने ती स्वतः खोडली. सून, खूप, दोन पॉइंट चार नऊ. तीही तिने खोडली, आणि एका रेघेने भागलं असतं तिथे दोन मारल्या. मुलगी, खूप, उणे दोन पॉइंट आठ पाच. ती केसभराने खाली राहिली.

"एकच उरली," संजना म्हणाली. "मुलगी, नाही. साडेतीन. अपेक्षित सोळा होते, आलेत सव्वीस." तिचा चेहरा पुन्हा उजळला. "म्हणजे सुनेचं काही नव्हतंच. मुलगी जवळ असली की दुखणं कमी होतं. असं लिहू, मॅडम?"

ते वाक्य साधनाला आवडलं. ती खुर्चीत मागे टेकली. संध्याकाळी कॉलेज सुटलं की पंचवटी कारंजावरची गर्दी काढत ती मखमलाबादला पोचायची, तेव्हा आई उशीला टेकून बसलेली असायची. केस विंचरलेले, साडीच्या निऱ्या जागच्या जागी. दुखतंय का गं, असं विचारलं की आई हाताने माशी उडवल्यासारखं करायची. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या संध्याकाळींना कुणीतरी चांगलं नाव दिलं होतं.

"लिही," असं तोंडावर आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय आधी बोलली.

"दुखणं कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. तू काय पाहिलंस?"

संजना गोंधळली.

"प्रश्न विचारण्याआधी तू त्यांच्याकडे पाहत होतीस ना? आपण ठरवलं होतं. चेहरा आवळलाय का, घाम आहे का, कुशीवर वळवू देतात का."

"ते आहे ना, मॅडम. पण ते घेतलं नाही प्रबंधात." संजनाने आवाज उतरवला. "तिथं तारा नाही आला. सगळ्या म्हणाल्या, कशाला आपलं रडगाणं छापतेस."

तिने लॅपटॉपवर दुसरं कोष्टक उघडून फिरवलं. बघताक्षणी वेदना दिसत होत्या असे रुग्ण: जोडीदाराजवळ पन्नासात तीस, मुलाजवळ बत्तीस, मुलीजवळ एकतीस, सुनेजवळ तेहतीस. फरक नव्हताच.

साधनाने दोन्ही कोष्टकं शेजारी शेजारी ठेवली. बाहेरच्या व्हरांड्यात पहिल्या वर्षाच्या मुली एकमेकींची नाडी मोजायचा सराव करत होत्या आणि हसत होत्या.

"एका पेशंटला दोनदा धरलं नाहीस ना?"

"नाही. एक पेशंट एकदाच."

"मुली बहुतेक संध्याकाळी येतात. तेव्हा औषध झालेलं असतं."

"मी सगळ्यांना सकाळीच विचारलंय, मॅडम. डोसच्या आधी. ज्या मुली मुक्कामाला होत्या त्याच धरल्यात."

साधनाने मान हलवली. दुसरी पळवाट तिला सुचली नाही.

"म्हणजे दुखत सगळ्यांनाच होतं," संजना सावकाश म्हणाली, "आणि मुलीसमोर नाही म्हणत होते." मग तिने विचारलं, "का, मॅडम? मुलीवर विश्वास नसतो का?"

"ते या कोष्टकात नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

साधनाने प्रबंध आपल्याकडे ओढला. मुलींच्या ओळीतही पन्नासपैकी सव्वीसच नाही म्हणाले आहेत, बाकीच्या चोवीस जणांनी सांगितलंय, हे तिने दाखवलं. संबंध आहे, पण फार घट्ट नाही. कोष्टकावरून पन्नास जणांबद्दल बोलता येतं, एखाद्या बाईबद्दल नाही. ती बाई सव्वीसातली की चोवीसातली, आणि सव्वीसातली असेल तर का, हे कळायला तिच्याच घरी जाऊन विचारावं लागतं. मग तिने जुन्या वाक्याच्या जागी नवं लिहून दिलं: 'मुलगी जवळ असताना रुग्णांनी वेदना नाकारण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले, प्रत्यक्ष दिसणाऱ्या वेदनांत मात्र फरक आढळला नाही.' तारा न आलेलं कोष्टकही आत घ्यायला सांगितलं, पहिल्याच्या लगेच खाली.

संजना निघताना पुडा उचलावा की नाही या विचारात थांबली. साधनाने तो आपल्याजवळ ठेवून घेतला.

रविवारी ती मखमलाबादला गेली. ज्ञानेशच्या पडवीत कोथिंबिरीचा ढीग पडला होता. दीपमाला पाटावर बसून जुड्या बांधत होती आणि ज्ञानेश बांधलेल्या जुड्या ओल्या गोणपाटावर रचत होता. थंडीने आवक वाढली होती आणि भाव पडला होता, पण काढली नसती तर फुलावर गेली असती, असं तो सांगत होता. बहिणीला बघून तो म्हणाला, या प्रोफेसरीणबाई, आज गरिबाची आठवण झाली. साधनाने पेढे दिले. कशाचे, असं त्याने विचारलं. एका मुलीचं गणित सुटलं, असं ती म्हणाली. त्याने दोन एकदम तोंडात टाकले.

"आईला फार दुखायचं का गं?" साधनाने उभ्या उभ्याच विचारलं. आल्या आल्या विचारलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही, असं तिला वाटलं होतं.

दीपमालाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. "असायचं थोडंफार. गोळी दिली की पडायच्या शांत."

"ताई, आता कशाला ते उकरायचं?" ज्ञानेश म्हणाला. "माझ्या देखत एकदा हूं की चूं केलं नाय तिनं. नशीबवान होती."

साधनाने दुसरा पाट ओढला आणि दीपमालासमोर बसून मुळांची माती झटकायला घेतली. बाजूला गोणपाटावर रांगा वाढत गेल्या. थोड्या वेळाने टेम्पोवाल्याचा फोन आला. तो वाट चुकून कालव्याच्या पलीकडे गेला होता. ज्ञानेशने फोनवरच त्याला दोन शिव्या घातल्या आणि तो चप्पल अडकवून रस्त्याला गेला.

साधनाने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. ती माती झटकत राहिली आणि झटकलेल्या काड्या दीपमालाच्या हाताजवळ ठेवत गेली.

"यांना पण माहीत नाही," दीपमाला म्हणाली.

साधनाने हात थांबवले नाहीत.

"त्यांच्या पायाचा आवाज आला की आई तोंडात पदर धरायच्या. पण यांचं सोपं होतं, हे आपले दारातूनच विचारून जायचे. तुमचं अवघड असायचं. तुम्ही तासभर बसायच्या." तिने जुडीला गाठ मारली. "दुपारची गोळी खायच्याच नाहीत. मी दिली की गालात ठेवायच्या आणि मी वळले की काढून उशीखाली. एकदा सापडली मला. मी रागावले. तर म्हणाल्या, साधना यायच्या आधी दोन्ही एकदम घेते, म्हणजे तिच्यासमोर बसता येतं. दुपारभर मग... तुम्हाला काय सांगू."

"सांग."

दीपमालाने सांगितलं. फार रंगवून सांगितलं नाही. पाय पोटाशी घेऊन कशा पडायच्या, भिंतीला कपाळ कसं लावायच्या, चार वाजले का असं किती वेळा विचारायच्या. मग केस विंचरून दे म्हणायच्या, आणि केसाला फणी लावली तरी कळ यायची. मग उशी. मग म्हणायच्या, बघ, नीट दिसतेय का. आणि तुला शपथ आहे, तिला सांगायचं नाही. ती आकडे शिकवते, म्हणायच्या, एक कळलं की मोजत बसेल.

साधनाच्या हातातली जुडी सुटून मांडीवर पसरली होती. तिने ती गोळा केली नाही.

"मग दहाव्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बायकांसमोर का सांगितलंस?" तिने विचारलं. आवाज कोरडा निघाला.

दीपमालाने एक पिवळी पडलेली काडी निवडून बाजूला टाकली.

"तुम्ही दारात होता. मला दिसलं होतं," ती म्हणाली. "खरं सांगते ताई, त्या दिवशी तुम्हाला कळावं असंच वाटलं मला. राग यायचा तुमचा. मी दिवसभर करायचं आणि माझ्या वाट्याला ओरडणं, कण्हणं, घाण झालेल्या चादरी. तुम्ही संध्याकाळी यायच्या, तर तुमच्यासाठी नटूनथटून बसलेली आई. माझ्यासाठी एक दिवस तरी उठून बसल्या असत्या."

कालव्यापलीकडून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. ज्ञानेश कुणाला तरी मागे घे, मागे घे म्हणून ओरडत होता.

"आणि एवढं काय बोलायच्या हो तुमच्याशी?" दीपमालाने विचारलं. तिने मान खालीच ठेवली होती. "मी चहा घेऊन आत आले की गप्प व्हायच्या. दोघी मायलेकी. मी बाहेर गेले की पुन्हा सुरू. मला वाटायचं, आत कशाला जाऊ."

साधनाला कुठलंही उत्तर देता आलं असतं. लहानपणाच्या गोष्टी. वडिलांच्या आठवणी. माझ्या कॉलेजचं विचारायची. कुणी पडताळून बघायला येणार नव्हतं, आणि दीपमालाने विश्वास ठेवला असता. त्या तासभरात आपलं नाव कधी येतं याची ती रोज वाट बघायची, आणि आई बोलायची ती एकाच माणसाबद्दल. ते सगळं तिने जसंच्या तसं आपल्याजवळ ठेवलं होतं. ज्ञानेशलाही सांगितलं नव्हतं, आणि जिचं होतं तिला तर नाहीच.

"तुझ्याबद्दल," ती म्हणाली.

दीपमालाचे हात चालूच राहिले. "तक्रारी असतील."

"एक होती. भात फडफडीत करतेस म्हणून."

"खरंय ते," दीपमाला म्हणाली. मग आणखी एक जुडी बांधून तिने विचारलं, "आणि?"

टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. ज्ञानेशने जुड्या आणा म्हणून हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली. दीपमाला उठली नाही. साधनाने पाट तिच्या जवळ सरकवला आणि आईने जे जे म्हटलं होतं ते, जसं म्हटलं होतं तसं, एकेक करून तिला सांगायला सुरुवात केली. त्यातलं काहीही तिने मागे ठेवलं नाही.